तळ्यावरून सुटका

वेपिया हसला की आम्ही ओळखायचो, रस्त्यावर गाडी थांबली. एरवी त्याच्या तोंडावरची माशी हलत नसे. अठ्ठावीस वर्षं तो आमच्या बुगानिया गावच्या तळ्यावर मगरी बोलावत होता. गाडीचं दार वाजलं की कुणी मागून दोरी ओढावी तसे त्याचे दात उघडे पडायचे आणि गाडी गेली की परत मिटायचे. मग तो गोरखचिंचेच्या मुळीवर बसून उजवा गुडघा चोळत राहायचा. कुणी बोललं तरी बोलायचा नाही. बोलायचं ते सगळं पाहुण्यांशी बोलून संपलेलं असे.

माझा धंदा कोंबड्यांचा. तळ्याच्या वाटेवर माझी तीन डालगी. पाहुणा तळ्याच्या कमिटीच्या खोलीत पैसे भरतो, ते गावच्या शाळेला जातात. मग तो माझ्याकडून एक कोंबडी घेतो आणि वेपियाच्या हातात देतो. वेपिया ती पाय धरून काठावर हलवतो, जिभेनं टाळूला टक टक करतो आणि म्हातारी बाहेर येते. म्हातारी म्हणजे तळ्यातली सगळ्यात थोरली मगर. आठ हात लांब, पाठीवर शेवाळ, डाव्या डोळ्यात सारा आलेला, पांढऱ्या पडद्यासारखा. ती चिखलात पसरली की पाहुणा तिच्या मागच्या अंगाला उकिडवा बसतो, शेपूट उचलून हातात धरतो आणि फोटो निघतो. मग कोंबडी तिच्या तोंडात. म्हातारी पाण्यात, पाहुणा गाडीत.

गावातल्या माणसाचा निम्मा जीव तळ्यात असतो. थोरलं माणूस गेलं की त्याच दिवशी एखादी मगर उताणी तरंगते. त्यामुळं मगरींना कुणी मारत नाही, आणि त्याही कुणाला धरत नाहीत. बायका काठावर भांडी घासतात, गुरं पाणी पितात. हे आम्ही एकमेकांना कधी सांगत नाही. सांगायचं काम वेपियाचं, ते पाहुण्यांना.

"चावत नाही ना हो?" राजधानी आक्राहून आलेली एखादी मास्तरीण विचारणार.

"अजून तरी नाही, बाई. सुरुवात तुमच्यापासून करायची असेल तर मला माहीत नाही."

लोक हसायचे. अठ्ठावीस वर्षं त्याच जागी हसायचे. मग वेपिया आवाज खाली घेऊन म्हणायचा, "ती पोटासाठी येत नाही. नात्यासाठी येते. कोंबडी हा नुसता मान." इथं ते गप्प व्हायचे. एखादीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा यायचं. मी डालग्याशेजारी बसून हे किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. खोटं वाटत नसे. वेपिया सांगायचाच तसा.

पण तो दमला होता. गुडघ्यात पाणी व्हायचं. चिखलात उकिडवा बसला की उठताना कुणाचा तरी हात लागायचा. आणि नुसता गुडघा असता तर चाललं असतं. एकदा हातातली भाकर तशीच धरून मला म्हणाला, "गड्या, मला सकाळी उठून कुणापुढं हसायचं न्हाई. यवढंच पायजे. बाकी काय नको."

तळं सोडणं मात्र त्याच्या हातात नव्हतं. तळ्यावरच्या माणसाला गावाबाहेर एक रात्र काढता येत नाही. वेपियाची लेक दूर तेचिमान शहरात दिलेली, तिला तीन पोरं झाली, त्यातलं एकही त्यानं पाहिलं नव्हतं. सुटायचं तर रीत आहे. सुगी झाल्यावर, रानं पेटवायच्या आत, एका दिवशी सगळे थोर लोक काठावर जमतात. जुना माणूस मगरीला हाक मारतो. ती बाहेर आली की तो तीन पावलं मागं सरतो आणि त्याच्या घराण्यातला नवा माणूस घरची पांढरी कोंबडी पुढं करतो. तिनं ती नव्याच्या हातून घेतली की जुना सुटला. नाही घेतली तर पुढच्या सुगीला बघायचं. अशी तीनदा नाही घेतली तर मग जुना मरेपर्यंत तळ्यावरच.

वेपियाच्या बापाला म्हातारीनं पहिल्याच वर्षी सोडलं होतं. वेपियाला दोनदा नाकारलं. हे तिसरं वर्ष.

नवा माणूस म्हणजे त्याच्या मेलेल्या भावाची लेक, काचाना. घराण्यातले गडी सगळे दक्षिणेला कोकोच्या मळ्यांत. काचाना पण दहा वर्षं कुमासीच्या बाजारात डोक्यावर ओझी वाहून, नवऱ्याला सोडून परत आलेली. तोंडानं फटकळ. दोन्ही वर्षी तिनं कोंबडी पुढं केली, म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, तोंडसुद्धा उघडलं नाही आणि शेपूट फिरवून गेली. गावात कुजबुज झाली. कुणी म्हणालं बाई चालत नाही, कुणी म्हणालं नवरा टाकलेली चालत नाही.

ठरलेल्या दिवसाला दहा-अकरा दिवस राहिले होते. हरमाटनचा वारा सुटलेला, हवेत वाळवंटाची धूळ, ओठ फुटलेले. नाताळ जवळ आला म्हणून गाड्यांवर गाड्या येत होत्या. दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा काचाना घासलेली भांडी पालथी घालत म्हणाली, "काका, एक बोलू? म्हातारीला मी नको झालेली न्हाई. तिचं पोट भरलेलं असतं."

वेपिया गुडघा चोळत होता. हात थांबला.

"आज सकाळपास्नं सात कोंबड्या गेल्या. गेल्या साली मला उभी केली तवा आदल्या दिवशी चौदा गेल्या हुत्या. मी मोजल्यात. त्यात ही थंडी. पंधरावी कशाला खाईल ती? मी पण खाल्ली नसती."

"तळ्यावर असं बोलत्यात व्हय?"

"मग कुठं बोलू? घरात बोलाया गेली तर तुमी झोपता."

"माझ्या बापाच्या वक्ताला…"

"तुमच्या बापाच्या वक्ताला गाड्या कुठं हुत्या? सुगी झाली की तळं आटायचं, मासळी संपायची, म्हातारी उपाशी. पांढरी कोंबडी दिसली की धावत यायची. आता सुगी झाली की पाहुणे येत्यात. रीत तीच हाय, काका, पोट तेवढं बदललं."

वेपिया पुन्हा गुडघा चोळू लागला. मी मधे पडलो नाही, कारण कोंबड्या माझ्या होत्या.

संध्याकाळच्या आत तो मला सोबत घेऊन अकानू आबांकडं गेला. अकानू आबा आमच्या भुईचे धनी. नांगर कधी लावायचा, मेलेला कुठं पुरायचा, तळ्याचं काय करायचं, सगळं त्यांच्या शब्दानं. ते अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"आबा, चार-आठ दिस तळं बंद ठेवलं तर?" वेपिया म्हणाला.

"कशापायी?"

"म्हातारीला विसावा."

आबांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. "कशाचा विसावा? खाऊन दमली व्हय ती?"

वेपिया खाली पडलेली टरफलं वेचू लागला. मी त्याच्याकडं बघत होतो. पोट भरलंय एवढं म्हणायचं होतं. पण तेवढंच त्याला म्हणता येईना. अठ्ठावीस वर्षं जे नाही म्हणून सांगितलं, तेच आता आहे म्हणून कसं सांगायचं?

"नाताळात तळं बंद करून शाळंचं छप्पर तुझ्या धोतरानं शाकारू का?" आबा म्हणाले. आबांच्या तोंडी असंच काहीतरी असायचं; धोतर तर वेपियाच्या अंगावर कधी नव्हतंच. "जा. बस तिकडं हसत."

वाटेत वेपिया अर्ध्या रस्त्यात थांबला. "तुझ्या कोंबड्या तू परत घेशील का?" त्यानं मला विचारलं.

"कसल्या?"

"म्हातारीला दाखवायच्या. द्यायच्या न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून तसं सुरू झालं. पाहुणा कोंबडी घ्यायचा. वेपिया ती हलवायचा, टक टक करायचा, म्हातारी यायची, तोंड उघडायची, फोटो निघायचा. आणि ऐन वेळी वेपिया कोंबडी मागं ओढायचा. पहिल्यांदा ओढली तेव्हा म्हातारीचा जबडा रिकामाच मिटला. पेटीचं झाकण हातातून सुटून पडावं तसा आवाज झाला. वेपिया दुसरीकडं बघत होता.

"खायला का नाही दिली?" एका गोऱ्या पाहुण्यानं विचारलं.

"आज तिचा उपवास आहे," वेपिया म्हणाला. लोक हसले. त्याला नवा विनोद मिळाला होता, पण तो सांगताना त्याचे दात काही उघडले नाहीत.

कोंबडी गुपचूप माझ्या डालग्यात परत यायची आणि पुढच्या गाडीला विकली जायची. एक तांबडा कोंबडा तर मी किती वेळा विकला त्याला सुमार नाही. पहिले दोन दिवस तो मरणाचा ओरडायचा. पुढं पुढं त्याला कळून चुकलं. पाहुणा दिसला की आपणच डालग्यातून मान बाहेर काढायचा, काठावर उलटा लोंबायचा, परत येऊन दाणे टिपायचा. आम्हा सगळ्यांत त्या दिवसांत सुखी असा तोच होता.

म्हातारीला मात्र कळत गेलं. चौथ्या दिवशी ती हाकेला आली, पण निम्म्यात थांबली. बघत राहिली. वेपियानं पुन्हा टक टक केलं तेव्हा पोट ओढत आली. सहाव्या दिवशी तिनं तोंड उघडलं नाही. कोंबडीकडं तिचं लक्षच नव्हतं, ती वेपियाकडं बघत होती. पाहुण्यांनी मिटल्या तोंडाचे फोटो घेतले आणि कुरकुरत गेले. आठव्या दिवशी ती पाण्यातच राहिली. नुसते डोळे वर.

"आज दे एक," मी म्हटलं. "एकानं काय हुतंय, दादा?"

"आठ दिस फुकट जातील."

"हाकेलाच आली न्हाई तर?"

"येईल," वेपिया म्हणाला. "माझ्या हाकेला न आलेली कधी झालीया का?" आणि मग, जसं काही मला नव्हेच, म्हणाला, "ती तोंड मिटती तो आवाज माझ्या कानातनं जात न्हाई."

ठरलेल्या दिवशी सकाळी थोर लोक काठावर जमले. धुळीमुळं सूर्य भाकरीसारखा पांढरा दिसत होता. सगळ्यांनी जाड सुती अंगरखे घातले होते तरी कुडकुडत होते. अकानू आबांनी बाजरीच्या पिठाचं पाणी काठावर शिंपलं, वाडवडिलांची नावं घेतली आणि वेपियाला मान हलवून खूण केली. काचाना घरची पांढरी कोंबडी काखेत धरून मागं उभी.

वेपिया चिखलात उकिडवा बसला. टक टक केलं.

पाणी हललं नाही.

पुन्हा केलं. वाऱ्यानं त्याचं तोंड कोरडं पडलं होतं, जीभ टाळूला चिकटत होती. त्यानं हाताच्या ओंजळीनं तळ्याचं पाणी प्यायलं आणि परत केलं. समोरच्या काठाला, लव्हाळ्याजवळ, दोन डोळे वर आले. तिथंच राहिले.

"ऐकती का न्हाई?" आबांनी विचारलं.

"ऐकती, आबा."

"मग?"

"मग काय. ऐकती."

वेपिया हाक मारत राहिला. जरा वेळानं ती टक टक मगरीसाठी वाटेना, म्हाताऱ्या माणसाचे दात थंडीनं वाजावेत तशी वाटू लागली. मी मान खाली घातली. ज्या गोष्टीनं तो सुटणार होता, तिनंच त्याला कायमचा बांधला, असं माझ्या मनात आलं. म्हातारी आलीच नाही तर घास देणार कुणाला? हे तिसरं वर्ष.

तेवढ्यात काचाना चालायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. काठाकाठानं लव्हाळ्याकडं.

"अगं ए," एक म्हातारा ओरडला, "अजून तुझी पाळी न्हाई."

"माझी नसंल. तिची हाय," काचाना म्हणाली. "नऊ दिसांची."

ती लव्हाळ्यापाशी गुडघाभर पाण्यात उतरली. तिला टक टक येत नव्हती. रोज भांडी विसळताना पाण्यावर तळहात मारतात तसा तिनं दोनदा मारला. डोळे बुडाले. पाण्यावर एक रेघ तिच्याकडं सरकत आली. काचाना मागं सरली नाही, पण तिची मान ताठ झालेली मला लांबून दिसली. मग जबडा वर आला, कोंबडी तिच्या हातातून गेली आणि पिसं तेवढी पाण्यावर राहिली.

मागून दोन-तीन म्हातारे एकदम बोलायला लागले. एक म्हणाला हे धरायचं नाही, रीत उलटी झाली. दुसरा म्हणाला घास घेतला ना, मग झालं. वेपिया होता तिथंच बसून होता. त्याला उठवायला मी हात दिला तो त्यानं घेतला नाही.

आबांनी काठी चिखलात रोवली.

"रीत काय सांगती? जुन्यानं बोलवायचं, तिनं यायचं, नव्यानं घास द्यायचा. आज जुन्याच्या हाकेला ती आली न्हाई. म्हंजे तिनं त्याला आपणहून सोडलं. आता आपुन सोडवायचं काय राहिलं? पोरीच्या हातनं घास घेतला. तळं पोरीचं. चला, थंडी लई हाय."

लोक पांगले. आबा मात्र मागं राहिले आणि काठीवर भार देत वेपियाशेजारी वाकले. "उपाशी ठेवलीस न्हवं?"

"नऊ दिस."

"वाटलंच. मी पण शेळ्या राखल्यात, वेपिया. पोट मला कळतंय."

"मग आधी का बोलला न्हाईसा, आबा? दोन साल गेली माझी."

"मी कसा बोलू? ती पोटासाठी येत न्हाई असं तूच सांगत हुतास. पाहुण्यांच्या मागं उभं राहून आमी पण ऐकलंया. ऐकायला बरं वाटायचं." आबा सरळ झाले. "आता जा घरी. झोप."

वेपिया गेला आणि झोपला. बायको सांगत होती, पहिले चार दिवस तो फक्त जेवायला उठला. ऊन डोक्यावर आलं तरी भिंतीकडं तोंड करून पडलेला. त्याला हवं होतं ते त्याला मिळालं होतं, यात वाद नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तो तळ्यावर आला. खांद्याला पिशवी, पायात बाहेरगावच्या चपला. तेचिमानची गाडी धरायची होती. हातात पाय बांधलेली एक कोंबडी, त्याच्या घरची, चांगली भरलेली. माझ्याशी न बोलता तो काठावर गेला, पिशवी बाजूला ठेवली आणि हळूहळू उकिडवा बसला.

टक टक केलं.

म्हातारी पलीकडं उन्हाला पडली होती. तिनं डोळा उघडला. सारा आलेला नव्हे, चांगला. वेपियानं कोंबडी उंच धरली, मग तिला दिसावी म्हणून चिखलात खाली ठेवली आणि दोन्ही हात मागं घेऊन तिला दाखवले, रिकामे. म्हातारीनं डोळा मिटला.

तो बराच वेळ तसाच बसला. माझी गिऱ्हाइकं येऊन थांबली होती, मी त्यांना जरा दम धरा म्हटलं.

"काका," काचानानं पाण्यातून हाक दिली, "तुमची गाडी जाईल. आन् माझी आलीया."

वेपिया हाताचा टेका देऊन उठला. त्याचं पाऊल मागं पडतंय न पडतंय तोच शेजारच्या पाण्यातून एक मधल्या वयाची मगर, जिला कधी कुणी नावानंही बोलावलं नव्हतं, सरळ वर आली आणि कोंबडी घेऊन गेली. वेपियानं ते बघितलं. पिशवी खांद्याला लावली.

"किती दिस ऱ्हाणार तिकडं, दादा?" मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला. "झोप झाली की येतो."

तो रस्त्याकडं निघाला तेव्हा पाहुण्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. ते पाण्यावरच्या पिसांचे फोटो काढत होते. ती कोंबडी त्यांना फुकटात बघायला मिळाली होती.